बारसे आणि वही

परवा घरच्या डेबियन लिनक्स घराण्यातल्या संगणकाचे मी ‘सह्याद्री’ असे नवे नाव ठेवले. लगेच त्याची कुरकुर सुरू : ‘सह्याद्री’ कोण, ठाऊक नाही! सौभाग्यवती हसल्या. चूक माझीच, बारसे केले, पण त्याच्या ‘होस्ट्स’ नावाच्या वहीत जुनेच नाव राहिले. तेथे १२७.०.१.१ या आकड्यापुढे ‘सह्याद्री’ लिहिले, तेव्हा कुठे स्वारी शांत झाली.

पूर्वी संगणकांच्या साऱ्या जाळ्याची अशी एकच वही अमेरिकेत एलिझाबेथ फाइनलर यांचे मंडळ सांभाळी. ती पुरेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार जागोजागी वाटून देण्याची युक्ती काढली. तरी माझा संगणक आधी घरची वही पाहतो, मग बाहेर विचारतो. खरेच आहे, घरच्यांनीच ओळखले नाही, तर बाहेरच्यांनी ओळखून काय उपयोग?