चिठ्ठी मिळाली, तपासणी झाली का?

संडासवाटे रक्त गेले की आपल्या वस्तीत एकच उत्तर असते : मूळव्याध. बहुतेकदा ते खरेही असते. पण मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच दिसू शकतो. खात्री करायला दुर्बिणीची तपासणी लागते. सरकारी मोहिमेत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासतात. आतडे त्यात नाही. म्हणून रक्त दिसले की आपणच दवाखाना गाठायचा.

डॉक्टर संभाजीनगरची चिठ्ठी देतात आणि घोडे तिथेच पेंड खाते. तपासणीआधी पोट साफ करायचे औषध घ्यावे लागते, पुन्हा पुन्हा संडासला जावे लागते. सार्वजनिक संडासाच्या रांगेत हे कसे जमावे? स्टील कारखान्यातला खाडा कसा परवडावा? सोबत कोण येणार? चिठ्ठी तशीच डब्यात पडून राहते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१९ मध्ये 'केवट' अभ्यासक्रम सुरू केला. केवट म्हणजे नावाडी. रुग्णाला उपचारांच्या वाटेवर सोबत करणारा. फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्रही रुग्णालयात भेटतो. पण वस्तीपासून त्या दारापर्यंत कोण नेणार? ते काम आपले आहे.

आम्ही प्रत्येक महिला मंडळाला सांगतो : चिठ्ठ्यांची एक वही ठेवा. तारीख कोणती, सोबत कोण, आदल्या रात्री कोणाच्या घरचा संडास, सगळे लिहा. अहवाल हाती येईपर्यंत नावावर काट मारू नका.

जयभीम!