पेटीची किल्ली घरात दोघांना ठाऊक असावी



लागणीची नोंद घेताना आम्ही शेतकी खात्याची माणसे आपल्याला उसाची जात विचारतो, सरीचे अंतर विचारतो, बेणे कुठून आणले तेही विचारतो. एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. "शेअरला वारस लावलाय का?" असे विचारले की माणूस चमकतो. "साहेब, एवढ्यातच पोचवता की काय आम्हाला?" म्हणून हसतो आणि बोलणे हुमणीवर नेतो. हा विषय असा टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडसाली ऊस तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात. ज्याच्या नावाने लागणीची नोंद झाली, तो तोडीला फडात उभा असेलच याची हमी कोण देणार? ऊस गाळपास आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण ज्याच्या खात्यावर बिल जमा व्हायचे तो माणूसच गेला, तर पैसे काढणार कोण? बिल अडकते, सोसायटीच्या कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. खोडव्याला खत घालायची वेळ आली तरी घरात पैसा नाही, अशी अवस्था होते. हे पैसे बुडालेले नसतात. नुसते कागदावाचून अडलेले असतात.

नावगाव न सांगता एक उदाहरण देतो. एक बाई गट कार्यालयात शेअरचा दाखला घेऊन आल्या. दाखला सासऱ्यांच्या नावाचा. सासरे जाऊन कैक वर्षे झालेली. "बघू नंतर" म्हणत नवऱ्याने तो नावावर केला नाही, आणि ऐन हंगामात तोही गेला. आता वारस कोण? बाई, त्यांची मुले, दोन दीर, तीन नणंदा. दोन मृत्यूचे दाखले, सगळ्यांची संमती, प्रतिज्ञापत्र! नणंदा चांगल्या, त्यांनी सह्या दिल्या, पण हेलपाट्यांत वर्ष गेले. त्याहून वाईट पुढेच. नवऱ्याने बाईंचे दागिने बँकेत तारण ठेवले होते. घरात कुणाला पत्ता नाही. लिलावाची नोटीस दारात आली तेव्हा बाईंना कळले की कपाटातली डबी रिकामी आहे. त्या माणसाने फसवले नव्हते, पैसे उसालाच घातले होते. फक्त सांगितले नव्हते.

१९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. पुढे गावोगावी ज्यांनी शेअर घेतले त्यांनी पोटाला चिमटा घेऊन घेतले. त्या पिढीचे बहुतेक लोक आज नाहीत. पण त्यांची नावे दाखल्यावर तशीच राहिली, तर मतदानाचा हक्कही पडून राहतो आणि सवलतीची साखरही. सातबाऱ्याचीही तीच गत. मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी २०२५ साली शासनाला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच घ्यावी लागली. शासनाने घरी येऊन सांगावे इतकी ही गोष्ट अवघड आहे का?

काही ज्येष्ठ सभासद म्हणतात, "आत्ताच नावं लावली तर उद्या पोरं विचारायची नाहीत." ही भीती खोटी नाही. पण तीन कागदांत आपण गल्लत करतो. नामनिर्देशन केले म्हणून आपल्या हयातीत कुणाला काही मिळत नाही, ते केव्हाही बदलता येते. मृत्युपत्रही मरणानंतरच लागू होते आणि हवे तितक्या वेळा बदलता येते. हयातीतच हक्क जातो तो बक्षीसपत्राने. ते मात्र दहादा विचार करून करावे, आणि केलेच तर सांभाळ करण्याची अट दस्तात लिहून घ्यावी. म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार राहतो.

दुसरी गल्लत वारसाची. ज्याचे नाव नामनिर्देशनात, तोच मालक, असे धरून चालू नये. रक्कम त्याच्या हाती पडते, पण वारसांचा हक्क मिटत नाही. कंपन्यांच्या शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणून नामनिर्देशनही करावे आणि मृत्युपत्रही. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ज्याला वाटा दिला त्यालाच साक्षीला बसवू नये.

आणि लेकींविषयी. वारस सांगताना "मुली दिल्या घरी सुखी आहेत" म्हणून त्यांची नावे गाळणारे अजून भेटतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची शंकाही मिटवली. मुलीला हक्क सोडायचाच असेल तर तिने राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. नाव दडवणे हा मार्ग नव्हे. दडवलेले नाव पुढे खरेदीच्या वेळी नाहीतर कोर्टात वर येतेच.

आता करायचे काय ते थोडक्यात सांगतो.

१) कारखान्याच्या शेअर्स विभागात नामनिर्देशनाचा अर्ज भरून पोच घ्यावी. सहकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे सभासदाच्या पश्चात शेअर याच नावाकडे वर्ग होतो. पूर्वी लावलेली व्यक्ती हयात आहे का तेही पाहावे.

२) सोसायटी, बँक, पतसंस्था, पोस्ट, विमा, सगळीकडे हेच करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नावे लावता येतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

३) घरात मृत्यू झाला तर २१ दिवसांत नोंद करावी आणि दाखल्याच्या जास्त प्रती घ्याव्यात. सातबाऱ्यावर वारस लावण्याचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात द्यावा. २०२४ पासून तलाठ्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, काम तेच आहे.

४) बँकेचे पासबुक नीट पाहावे. वर्षाला २० रुपये किंवा ४३६ रुपये कापले जात असतील तर तो प्रधानमंत्री विमा योजनांचा हप्ता आहे. २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख, ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख. घरच्यांना ठाऊकच नसेल तर मागणार कोण?

५) वहीच्या एका पानावर यादी करावी. शेअर नंबर, गट नंबर, खाती, ठेवी, विमा, दिलेली उसनवारी, घेतलेले कर्ज आणि तारण ठेवलेले सोने. एटीएमचा पिन त्यात लिहू नये.

चीजवस्तूंबाबत एवढेच सांगेन. सोने धान्याच्या कणगीत किंवा देव्हाऱ्यामागे लपवण्याचे दिवस गेले. लग्नसराईत नाहीतर वारीला घर बंद असते, हे चोरालाही कळते. लॉकर घ्यावा, पण पतीपत्नी दोघांच्या नावे, आणि त्यालाही वारस लावावा. चोरी, आग किंवा बँकेच्या माणसाने केलेली लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते, म्हणून दागिन्यांचे फोटो आणि पावत्या वेगळ्या जपाव्यात. कागदांचे म्हणाल तर २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेकाठी पेट्याच्या पेट्या भिजल्या. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवावेत आणि झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे असावा.

पण पेटी कितीही मजबूत घेतली आणि किल्ली कुठे आहे हे एकट्यालाच ठाऊक असले, तर ती पेटी घरच्यांनाही बंदच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते चारचौघांत खरे. घरच्या कारभारणीपुढे मूठ उघडीच हवी. जी बाई तुमच्याबरोबर लागणीला वाकते, तिला कर्ज किती आणि शेअर किती हे माहीत असायलाच हवे.

पुढच्या खेपेला उसाची नोंद द्यायला गट कार्यालयात याल, तेव्हा शेअरचा दाखला आणि आधारची झेरॉक्स बरोबर आणा. अर्ज तिथेच भरून देऊ. आणि जमल्यास मालकिणीलाही घेऊन या.

— ऊस विकास अधिकारी