'क्रमशः' तर लिहिलंय, पण पुढचा भाग कुठे आहे?



गोष्ट अगदी रंगात आलेली असते. विहिरीत कोण पडलं हे आता कळणार असतं, आणि पान संपतं. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकच शब्द असतो: क्रमशः. तुम्ही काय, मी काय, सगळ्यांनीच या शब्दावर कधी ना कधी दातओठ खाल्लेत. पण खरं सांगू का, माझा त्या शब्दावर राग नाही. राग आहे तो पुढचा भाग कधीच न येण्यावर. वाट पाहायला लावणं वेगळं आणि वाऱ्यावर सोडणं वेगळं. घरात आणि शाळेत आपण मोठी माणसं या दोन्हींची सर्रास गल्लत करतो, आणि त्याची किंमत मुलं मोजतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

हप्त्याहप्त्याने गोष्ट वाचायची सवय मराठी वाचकाला नवी नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापली. डीएडला असताना हे आम्हाला एका गुणाच्या प्रश्नापुरतं पाठ होतं, कादंबरी कुठे आणि कोणती, बस्स. तेव्हा लोक ती कशी वाचत असतील याचा विचार नंतर आला. यमूचं पुढे काय होणार हे कळायला त्या वाचकांना आठवडा आठवडा थांबावं लागत असणार. आपल्या हातात आज जाडजूड पुस्तक येतं, म्हणून ते थांबणं आपल्याला दिसत नाही. त्याच हरिभाऊंची 'गणपतराव' ही कादंबरी मात्र अपूर्ण राहिली. तिची वाट पाहिलेल्यांचं काय झालं असेल?

तिकडे इंग्लंडात चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्याही अशाच महिन्याच्या महिन्याला भागांत निघायच्या. 'पिकविक पेपर्स' 1836 साली असाच सुरू झाला. त्याची शेवटची कादंबरी 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' बारा भागांची व्हायची होती. सहा भाग लिहून झाले आणि 9 जून 1870 रोजी डिकन्स गेला. एडविन ड्रूड नावाचा तरुण नाहीसा झालाय, त्याचा खून झाला की तो जिवंत आहे, आणि खून झाला असेल तर कुणी केला, हे लेखकाच्या हातून लिहून व्हायचं राहून गेलं. दीडशे वर्षं उलटली तरी लोक त्यावर तर्क लढवतायत, दुसऱ्यांनी आपापले शेवट लिहिलेत. पण त्यातला एकही शेवट डिकन्सचा नाही, आणि वाचकाला ते बरोबर कळतं.

मरणापुढे कुणाचं चालत नाही, त्यामुळे डिकन्सवर कोण रागावणार? पण आता मोबाइलवर कथा वाचायची अ‍ॅप आलीत. आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत दोघी-तिघी तरी त्यात डोकं घालून बसलेल्या असतात. एखादी कथा चौतीस भागांपर्यंत येते, नायिकेला खरं काय ते समजायची वेळ येते, आणि लेखिका गायब. आठ महिने झाले, 'पुढील भाग लवकरच' एवढीच पाटी. यात लेखिकेची बाजूही आहेच. ती बिचारी नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सांभाळून रात्री लिहिते, बऱ्याचदा एक रुपयाही मिळत नाही. वाचक काही तिचा मालक नाही. सुचलं नाही, जमलं नाही, तर जबरदस्ती कशी करणार? माझं म्हणणं एवढंच, की 'ही कथा मी पूर्ण करू शकत नाही' या एका ओळीला काय लागतं? तेवढं कळलं की माणूस दुसरी गोष्ट उघडायला मोकळा होतो. टीव्ही मालिकांचं तर बोलायलाच नको. त्यातल्या काही संपता संपत नाहीत आणि काही एका आठवड्यात गुंडाळतात, सासूबाई रातोरात चांगल्या होतात!

मोठ्यांचं ठीक आहे हो. आपण चार दिवस चिडतो आणि विसरतो. लहान मुलाचं तसं नसतं.

तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी चांदोबा वाचला असेल त्यांना आठवेल. 1952 साली मराठीत सुरू झालेलं हे मासिक तेव्हा आमच्या घरी दुसऱ्यांकडून वाचून झालेलं यायचं. त्यात राजा विक्रम आणि वेताळ. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, शंकर यांचं ते चित्र. मला आता शिक्षिका म्हणून त्या रचनेचं फार कौतुक वाटतं. वेताळ दर महिन्याला एक गोष्ट पूर्ण सांगायचा. प्रश्न विचारायचा, राजा उत्तर द्यायचा, आणि मौन मोडल्यामुळे वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर. म्हणजे मोठी गोष्ट चालूच, पण पोराच्या हातात त्या महिन्याची एक पूर्ण गोष्ट पडलेली. महिनाभर थांबायचं ते उपाशीपोटी नव्हे, जेवून. वेताळाने राजाला छळलं असेल, वाचकाला कधी फसवलं नाही.

आता आपल्या वर्गाकडे या. शाळेच्या वाचनालयाचं कपाट उघडा आणि फक्त एक काम करा, प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आहे का ते बघा. मी बघितलंय. मुलं पुस्तक उलटं धरतात, दप्तरात कोंबतात, पहिली जातात ती मुखपृष्ठं आणि शेवटची पानं. नोंदवहीत पुस्तक आहे, तपासणीत पुस्तक आहे, फक्त गोष्टीला शेवट नाही. चौथीतला मुलगा अक्षर अक्षर लावत, बोट फिरवत बत्तीस पानं वाचून काढतो. त्याच्या दृष्टीने तो डोंगर चढलेला असतो. आणि वर पोचल्यावर काहीच नाही. त्या मुलाला दुसरं पुस्तक देऊन बघा. तो घेईल, चित्रं बघेल आणि ठेवून देईल. आपण शेरा मारतो, 'वाचनाची आवड नाही'.

दुसरं उदाहरण 15 ऑक्टोबरचं. डॉ. कलामांच्या जयंतीला आपण 2015 पासून वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. सतरंज्या टाकतो, मुलांना पुस्तकं वाटतो, तासभर शांतता, फोटो. चांगला दिवस आहे, मला आवडतो. पण तासाने घंटा होते आणि आपण काय करतो? पुस्तकं गोळा करतो! मोजून कपाटात, कुलूप. कुणी दहाव्या पानावर, कुणी अठराव्या. त्यानंतर सहामाही आणि दिवाळीची सुट्टी. त्या एका तासात आपण तीस मुलांच्या तीस गोष्टी अर्ध्यात तोडतो आणि त्याला प्रेरणा म्हणतो. त्या दिवशी पुस्तक घरी नेऊ द्या. दोन हरवतील, हरवू द्या.

कुणी म्हणेल, अर्धवट राहिलं की जास्त लक्षात राहतं, मानसशास्त्रात तसं आहे. आहे खरं. ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने 1927 साली प्रयोग मांडले होते, की मध्येच थांबवलेली कामं माणसांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. नंतरच्या सगळ्यांना तसंच आढळलं असं नाही, पण वर्गात आपल्याला त्याची प्रचिती येते. परिपाठात गोष्ट नेमकी जागेवर थांबवली, तर एरवी पोषण आहाराच्या वेळेला उगवणारा गडी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी हजर असतो. ही युक्ती मीही वापरते, छान चालते. पण ती उधारीवर चालते, हे विसरू नका. दुसऱ्या दिवशी आपलं प्रशिक्षण निघालं, परवा बीएलओचं काम, तेरवा केंद्रात मीटिंग, आणि चौथ्या दिवशी 'आता गणिताचा भाग मागे पडलाय' म्हणून गोष्ट बाजूला. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा 'उद्या सांगते' म्हटल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर काही हलत नाही.

पालकहो, तुमच्याकडेही हेच. मोबाइलवर एक कार्टून संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, मुलाला थांबायचं कामच नाही. मग आपण तक्रार करतो की पोरांना धीर नाही. धीर कुठून येणार? रात्री गोष्ट सांगताना 'उरलेली उद्या' म्हणा, जरूर म्हणा, त्याने मूल थांबायला शिकतं. पण उद्या तुम्ही कितीही दमलेले असा, ती उरलेली सांगा. न सांगता पुढे ढकलत गेलात तर पोर मोबाइलच मागणार. तिथे पुढचा भाग नक्की असतो ना.

आणखी एक पळवाट आपली शिक्षकांची. 'शेवट तुम्ही लिहा.' अपूर्ण गोष्ट पूर्ण करा हा उपक्रम चांगला आहे, परीक्षेतही प्रश्न येतो. पण तो मूळ शेवटाची जागा घेत नाही. पानं फाटलेल्या एका पुस्तकावर मी वर्गाला हा उपक्रम दिला होता. एकाने छान लिहिलं, अगदी वाघाला माणसाळवून टाकलं. मी शाबासकी दिली. तो म्हणाला, "बाई, हे तर म्या केलं. खरं काय झालं ते सांगा की." नऊ वर्षांच्या पोराला जे कळतं ते आपल्या उपक्रमाच्या वहीत बसत नाही. आधी त्याचा शेवट लिहून घ्या, मग लेखकाचा वाचून दाखवा. मजा दोन्ही शेवट शेजारी ठेवण्यात आहे.

आमच्या बीड जिल्ह्यात तर या सगळ्याला वेगळीच धार आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यांवर निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. काही मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पटावर आपण काय लिहायचं ते लिहितो. पण वर्गात चालू असलेली गोष्ट? ती पुढे जाते आणि ते पोर मागे राहतं. एकदा चौथीतली एक मुलगी जायच्या आदल्या दिवशी मला विचारायला आली, अभ्यासाचं नाही, फीचं नाही, "बाई, त्या म्हाताऱ्याची गाय सापडते का?" पाच भाग उरले होते. मी सांगून टाकू शकले असते. पण 'सापडते' एवढंच कळणं म्हणजे गोष्ट नव्हे. मी रोज वर्गात वाचताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला आणि तिच्या वडिलांच्या फोनवर पाठवला, भागाला सहा-सात मिनिटं. वडिलांचा एकदा फोन आला, की रात्री कोपीत सगळीच पोरं येऊन बसतात, पुढचं लवकर पाठवा. फडात दिवसभर राबून आलेला माणूस मला पुढच्या भागासाठी टोकत होता. शिक्षकाला यापेक्षा वेगळं प्रमाणपत्र काय हवं?

तेव्हापासून मी फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहिते, 'भाग 3, एकूण 9'. किती उरलंय ते मुलांना दिसतं. दिवाळीच्या सुट्टीआधी आणि कारखान्यांचं धुराडं पेटायच्या आत संपेल एवढीच गोष्ट ऑक्टोबरात घेते. माझी ड्यूटी लागली तर पुस्तकात चिठ्ठी घालून शेजारच्या वर्गाच्या सरांकडे देते, ते वाचतात. त्यांचा वाघाचा आवाज माझ्यापेक्षा चांगला निघतो अशी तक्रारही ऐकून घेते.

जाता जाता एक काम आहे तुमच्याकडे. आमच्या कपाटात एक पुस्तक आहे, ना मुखपृष्ठ ना लेखकाचं नाव, 56 पानानंतर काही नाही. एक मेंढपाळाचा मुलगा आहे, त्याची एक आंधळी मेंढी आहे, पूर आलाय आणि तो मेंढी खांद्यावर घेऊन पाण्यात उतरलाय. तिथे पान फाटलंय. तुमच्या शाळेत, तुमच्या घरच्या माळ्यावर ते पुस्तक असेल तर पान 57 पासून पुढचे फोटो काढून पाठवा. चौथीचा वर्ग थांबलाय.