श्वासनलिकेतील जाळी

श्वसनयंत्रावरून सुटून घरी आलेला रुग्ण काही आठवड्यांनी धापू लागला, की आपण दम्याचे नाव घेतो. वास्तविक यंत्राच्या नळीच्या दाबाने श्वासनलिकेस व्रण पडून, तो भरताना मार्ग अरुंद झालेला असू शकतो. आत उमलणारी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसविताच श्वास मोकळा होतो खरा. परंतु पुढे जाळीतून मांस वाढते, तारा तुटतात, आणि ती काढणे जोखमीचे ठरते. म्हणूनच कर्करोगाविना आलेल्या अरुंदपणात शस्त्रक्रिया, सिलिकॉनची नळी आदी सर्व उपाय आधी पडताळावेत, असे अमेरिकेच्या औषध-नियंत्रण संस्थेने २००५ साली बजावले. ‘ही जाळी पुढे काढता येईल काय?’ हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारावे, असे आम्ही वाचकांस आग्रहाने सुचवितो.