कायद्याचे पुस्तक, कोर्टाची भाषा आणि मराठी विद्यार्थी

लॉ कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की सीमाभागातील काही घरांत दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. मराठी शाळेत पहिल्या पाचांत असणारा, बी.ए.ला चांगले गुण मिळवलेला मुलगा. त्याचे दोन-तीन विषय राहिलेले असतात. घरचे म्हणतात, शहराचे वारे लागले. मुलगा काहीच म्हणत नाही. त्याचे जेवण कमी होते, झोप उडते, सकाळची बस चुकवायला कारणे सापडू लागतात आणि एखाद्या दिवशी तो सांगून टाकतो की वकिली आपल्याला जमणार नाही.

कायद्याचा अभ्यास कुठेही सोपा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी लागते. वाचन अफाट असते. त्यात 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायद्याचे सगळे आकडेच बदलले. भारतीय दंड संहितेची 511 कलमे जाऊन भारतीय न्याय संहितेची 358 आली. खुनाचे 302 हे कलम सिनेमामुळे शेंबड्या पोरालाही पाठ होते, ते आता 103 झाले. फसवणुकीचे 420 हे 318 मध्ये गेले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनीच संहिता लागू असल्याने विद्यार्थ्याला दोन्ही डोक्यात ठेवावी लागतात. हा ताण बेंगळुरूच्या मुलालाही आहे, पुण्याच्या मुलालाही आहे.

आपल्या मुलाचा ताण यापुढे सुरू होतो. हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावी लागते, नाहीतर कन्नडमध्ये. खानापूरच्या किंवा येळ्ळूरच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला यातली एकही भाषा घरची नाही. निपाणीहून तासाभराच्या अंतरावर कोल्हापूर आहे. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत तोच कायद्याचा पेपर मराठीत लिहिता येतो. इकडच्या मुलाला मात्र प्रश्न समजण्यात निम्मी शक्ती घालवून उरलेल्या शक्तीत उत्तर लिहायचे असते. त्याने केलेले काम दुप्पट, मिळालेले गुण निम्मे, आणि निष्कर्ष काढला जातो तो त्याच्या बुद्धीविषयी! सर्वांत वाईट म्हणजे हा निष्कर्ष तो स्वतःच आधी काढून बसतो.

वास्तविक कायद्यातील निम्म्या गोष्टी शेतकऱ्याच्या मुलाला वर्गात येण्यापूर्वीच ठाऊक असतात. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. विद्यार्थी त्यांची इंग्रजी नावे घोकतो आणि परीक्षेत एकमेकांत मिसळतो. पण ताबा न देता केलेले नजरगहाण, ताबा देऊन केलेले कब्जेगहाण आणि सावकाराने करून घेतलेली मुदतखरेदी हे शब्द त्याच्या आजोबांच्या तोंडी आहेत. त्याच 1882 सालच्या इझमेंट कायद्याचे तसेच. वीस वर्षे विनाअडथळा, हक्काने वापरलेल्या वाटेवर कायदेशीर अधिकार कसा मिळतो, हा धडा त्याने बांधावरच्या भांडणात पाहिलेला आहे. ‘रेस ज्युडिकाटा’ या लॅटिन शब्दाने तो घाबरतो. कोर्टाने एकदा कायमचा निकाल दिलेला वाद त्याच पक्षांना पुन्हा उकरता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘हे तुला माहीत आहे, आता याचे इंग्रजी नाव शिक’ असे पहिल्या महिन्यात कोणी सांगितले, तर घोकंपट्टीचा मोठा भाग संपेल. विषय आधी मराठीतून समजून घेणे, मग मूळ इंग्रजी कलम मोठ्याने वाचणे, आणि शेवटी तेच दहा ओळींत स्वतः लिहून काढणे, हा क्रम आहे. बाजारात मिळणाऱ्या तयार नोट्सनी तो उलटा होतो.

आता एक बोलणे काहींना रुचणार नाही. कन्नडविषयी आपल्या मनात जो राग आहे, तो सक्तीविषयी आहे आणि त्याला सबळ कारणे आहेत. पण वकील होऊ इच्छिणाऱ्या मुलाने तो राग भाषेवर काढला तर नुकसान त्याचेच होते. बेळगावच्या खालच्या कोर्टातील व्यवहार कन्नडमध्ये चालतो, तेथून प्रकरण धारवाडच्या खंडपीठात गेले की इंग्रजीत. पक्षकार मराठीत रडणार, साक्ष कन्नडमध्ये नोंदली जाणार, अपील इंग्रजीत लिहिले जाणार. या तिन्ही ठिकाणी उभा राहू शकेल असा वकील गावाला हवा आहे. आणि कोर्टाची कन्नड वाटते तितकी परकी नाही. दावे, फिर्यादी, जामीनु, जप्ती, पंचनामे, वकालत्तु, अर्जी, राजी हे शब्द कोणत्या भाषेतले, असे विचारले तर गावातला म्हातारा आपलेच म्हणेल. फारसीतून ते दोन्ही भाषांत आले आणि दोन्हीकडे रुजले. लिपी महिनाभराच्या नेटाने येते. शिवाय या भागातील जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्रे मराठीत, त्याहून जुनी मोडीत आहेत. ती वाचता येणारा वकील पुढे दुर्मीळच होणार आहे. तेव्हा मराठी ही या मुलाची पुंजी आहे. तिची लाज वाटू लागणे, हाच खरा आजार.

हे सारे विद्यार्थ्याने करायचे. पण मग आपण काय करायचे? घटनेच्या 350 व्या कलमाने सरकारकडे आपल्या भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे, 30 व्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा. प्राथमिक शाळांसाठी आपण मोर्चे काढले. लॉ कॉलेजातील प्रश्नपत्रिका मराठीतही छापावी, ही मागणी मात्र आपल्या निवेदनांत क्वचितच दिसते. बार कौन्सिलचे नियम प्रादेशिक भाषेतील शिक्षणाला मज्जाव करीत नाहीत. इंग्रजीचा एक सक्तीचा पेपर ठेवा, एवढीच त्यांची अट आहे. पदवीनंतरची अखिल भारतीय बार परीक्षा 2011 साली सुरू झाली, तीही मराठीतून घेतली गेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालपत्रांचे मराठी अनुवाद संकेतस्थळावर मिळतात. मग विद्यापीठाला काय अडचण आहे, ते तरी एकदा लेखी विचारले जावे. आपला सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे आणि त्याचे कागद स्वतः वाचून गावाला समजावू शकतील अशी माणसे आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, हेही या संदर्भात आठवावे.

पुढच्या पोटापाण्याची काळजी हा ताणाचा आणखी एक धागा. नव्या वकिलाला पहिली काही वर्षे हातात फारसे काही पडत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिलने ज्युनियरला शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे, बंधन नव्हे. पालकांनी हा हिशेब प्रवेशापूर्वीच मुलाशी मोकळेपणाने बोलावा, म्हणजे शेवटच्या वर्षी तो एकट्याने करीत बसणार नाही.

आणि मूल सलग दोन-तीन आठवडे झोपत नसेल, बोलत नसेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असे पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर तो आळस समजू नये, बाहेरचे काही लागले म्हणून अंगाराही लावत बसू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक फिरवला की दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न पडता, मराठीतून आणि कन्नडमधूनही बोलता येते. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. तेथे जाणे म्हणजे वेड लागणे, हा समज आपल्या गावांतून अजून गेलेला नाही, त्यामुळे पहिली पायरी घरातील मोठ्यांनीच चढावी लागेल.

राहिले भाऊबंद. मुलगा कायद्याला गेला की पहिल्याच दिवाळीला त्याच्यापुढे हद्दीच्या वादाचे, वाटणीच्या दाव्याचे गाठोडे येऊन पडते, आणि ‘सांग, आपण जिंकणार काय?’ असे विचारले जाते. त्याला याचे उत्तर येत नाही, येण्याचे कारणही नाही. ते कागद त्याला जरूर द्यावेत. पण नुसते वाचायला द्यावेत आणि उत्तर तिसऱ्या वर्षापर्यंत मागू नये.