वहीतील हिशेब

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता सहावीपासून व्यवसायशिक्षणाचा आग्रह धरला आहे. नाशिकला ही कल्पना अगदीच नवी नाही. एकोणिसाव्या शतकात येथील शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीने गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना सुतारकी व लोहारकी शिकविली. ती संस्था कॅथलिक नव्हे. तरी उदाहरण आपल्या दाराशीच आहे.

अधिक बोलके उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम स्थापिला. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती व गृह-आरोग्य हे विषय हाताने काम करून शिकतात आणि गावातील कामे मोबदला घेऊन करून देतात. आमच्या मते सारे मर्म या मोबदल्यात आहे. वस्तू बनविणे ही हस्तकला झाली. कच्च्या मालाची किंमत, खर्ची पडलेले तास आणि बिघडलेल्या नगाचा तोटा वहीत मांडता येणे, हा व्यवसाय.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक पालक मात्र असे शिक्षण नापासांसाठीच समजतात, आणि तेही नाझरेथच्या सुताराची तसबीर घरात लावून! द्राक्षे व कांदा पिकविणाऱ्या या जिल्ह्यात नववीच्या मुलाला किलोभर बेदाण्याचा उत्पादनखर्च काढता येऊ नये काय? आपल्या शाळांनी वार्षिक प्रदर्शनाऐवजी या वहीपासून आरंभ करावा.