पाचशेची वाढ, विम्याची गच्छंती

उद्यमबागेतील एखाद्या फौंड्रीत २०,९०० रुपये वेतनाचा मोल्डर आहे असे धरू. मालक त्याला पाचशे रुपयांची वाढ देतो. घरी पेढे येतात. परंतु कामगार राज्य विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ रोजी २१,००० रुपयांवर आणून ठेवण्यात आली आणि महागाई कितीही चढली तरी पुढे वर्षानुवर्षे ती तसूभर हलली नाही. या वाढीने आमचा मोल्डर त्या रेषेपलीकडे गेला. चालू सहामाही व तिला जोडलेला लाभकाळ सरला की त्याचे आणि त्याच्या बायकामुलांचे विमासंरक्षण संपले!

आता मालकाचा हिशेब पाहा. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी सव्वातीन टक्के, कामगाराची पाऊण टक्का. म्हणजे या मोल्डरपोटी मालक दरमहा ६७९ रुपये भरत होता. तेवढे वाचले. पाचशे दिले आणि १७९ गल्ल्यात राहिले. हिला पगारवाढ म्हणावयाचे काय?

विम्याचे दवाखाने म्हणजे स्वर्ग, असे आम्ही म्हणत नाही. तेथील रांगा आणि औषधांची टंचाई आम्हांस ठाऊक आहे. तरीही या योजनेने एक किमान पातळी बांधून दिली. कामगारासह कुटुंबाचा उपचार, त्या खर्चाला रकमेची मर्यादा नाही; आणि आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन. रेषेपलीकडे अशी पातळीच नाही. मालक दयाळू असला तर सामूहिक पॉलिसी काढतो. रक्कम किती, कुटुंब आत की बाहेर, हे त्याच्या मर्जीवर. १५ एप्रिल २०२० रोजी, कोरोनाच्या टाळेबंदीत, केंद्रीय गृहमंत्रालयाने कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला. पण किती रकमेचा, याविषयी त्या आदेशात अवाक्षर नव्हते.

लहान कारखान्यांना बोजा झेपणार नाही, ही ओरड होईलच. पण बोजा नवा कोठे आहे? तेच ६७९ रुपये तोच मालक कालपर्यंत भरत होता. वेतन मर्यादेपुढे गेले तर वर्गणी मर्यादेइतक्या रकमेवरच घ्या, परंतु कामगाराला बाहेर काढू नका, एवढेच आमचे मागणे आहे. ज्याला खासगी पॉलिसीच द्यावयाची असेल, त्याने ती राज्य विम्याहून उणी नाही हे आधी सिद्ध करावे. १९४८ च्या कायद्याने सरकारी कारखान्यांना सूट दिली ती याच अटीवर. मग खासगी मालकावर मेहेरबानी कशासाठी?